जेधे चौकातला धडा

कामगार बंधूंनो, स्वारगेटला एस.टी.तून उतरलं की समोर जो चौक लागतो, त्याला देशभक्त केशवराव जेधे यांचे नाव आहे. नाव तोंडात राहिले. पण केशवरावांनी उभा केलेला पक्ष किती जणांना आठवतो?

१९४७ साली शंकरराव मोरे, केशवराव जेधे या मंडळींनी काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार पक्षाची मोट बांधली. १९४८ साली काँग्रेसला रामराम ठोकला. घाम गाळणाऱ्या बहुजनांचा पक्ष म्हणून त्याचा लाल बावटा खेडोपाडी गेला. १९५० साली दाभाडीला मार्क्सवादाची वाट ठरली. पण वाटेवरूनच पुढाऱ्यांत जुंपली. १९५१ साली दत्ता देशमुख, क्रांतिसिंह नाना पाटील वेगळे झाले. १९५२ ला मुंबई विधानसभेत जागा आल्या अवघ्या १४. आणि १९५४ साली खुद्द मोरे-जेधे परत काँग्रेसमध्ये! घर बांधणारेच घर सोडून गेले, मग शत्रूला दगड मारायचे कामच काय?

केशवरावांची देशभक्ती आम्ही तराजूत घालत नाही. पण त्यांच्या मागे उन्हातान्हात बावटा घेऊन चाललेल्या माणसाला विचारलं कुणी?

तो माणूस हलला नाही, म्हणून पक्ष तगला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी याच पुण्यात, टिळक स्मारक मंदिरात, संयुक्त महाराष्ट्र समिती जन्मली, शे.का.प. तिच्यात होता. रानातला शेतकरी आणि गिरणीतला कामगार एक झाले, तेव्हा १ मे १९६० उजाडला. राज्य आले नि समिती फुटली. सत्तेच्या उबेला एकेक जण सरकला. सांगोल्याने गणपतराव देशमुखांना ११ वेळा निवडून दिले. पण २०२४ साली अख्ख्या विधानसभेत पक्षाची जागा एकच, तीही सांगोल्याची. नावात 'कामगार' होता, पण गिरणीच्या दारात पक्षाचे बस्तान कधी बसले नाही. ती उणीव शेवटपर्यंत नडली.

बेळगाव, निपाणी, कारवार अजून बाहेरच आहेत. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. गिरण्यांचे भोंगे थांबले, निकाल काही लागला नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच : पुढाऱ्याला हार घालण्याआधी विचारा, 'सीमाभाग येईपर्यंत थांबणार, की खुर्ची मिळेपर्यंत?' आणि तो गेलाच, तर बावटा खाली ठेवू नका. बावटा त्याचा नव्हे, तुमचा आहे!