मधला खंड गाळणारांस

महाकथेचा पहिला खंड वाचावा, शेवटचा वाचावा, आणि मधल्याचा सारांश कुणाकडून तरी ऐकून घ्यावा, अशी एक वाचनपद्धती आपल्या परप्रांतस्थ मराठी मंडळींत रूढ होऊ पाहत आहे. वेळ थोडा, बदल्या वारंवार, सामान आधीच जड, अशी तिची कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत. परंतु अलीकडे या पद्धतीला एक तत्त्वज्ञानही चिकटविले जाऊ लागले आहे, आणि माझे भांडण आहे ते त्या तत्त्वज्ञानाशी. मधला खंड म्हणे नुसता पूल असतो. त्याला आरंभ नाही, अंत नाही. तो स्वतःच्या पायांवर उभा राहत नाही. सबब तो गाळला तरी कथेचे काही बिघडत नाही! एका मराठी मंडळाच्या ग्रंथालयाने (नाव सांगण्यात अर्थ नाही) टोल्किनच्या मुद्रिकाकथेचे पहिले व तिसरे पुस्तक विकत घेतले आणि दुसऱ्यापुढे ‘मागणी नाही’ असा शेरा मारला. मागणी नसणारच. ज्याने पहिले वाचले त्याला तिसऱ्याची घाई, आणि ज्याला घाई नाही तो मुळात ग्रंथालयात येत नाही.

हे मी तिरुवैयारूत बसून लिहीत आहे, आणि विषय सुचण्यास ही जागाच कारण झाली. कल्कींच्या ‘पोन्नियिन सेल्वन’चा मुलूख तो हाच. पोन्नी म्हणजे कावेरी, आणि तिचा लाडका पुत्र अरुळमोळिवर्मन म्हणजे पुढे राजराज या नावाने गाजलेला चोळ सम्राट. त्याच्या लोकमहादेवी राणीने बांधविलेले उत्तरकैलासाचे देऊळ येथील पंचनदीश्वराच्या आवारात आजही उभे आहे. तंजावूर येथून अवघ्या बारा-तेरा किलोमीटरांवर. ही कादंबरी ऐतिहासिक म्हणून ओळखली जाते. पण धूमकेतू, भुयारे, कटकारस्थाने आणि मुकी राणी यांनी गजबजलेली ही सृष्टी अद्भुतकथेच्या उंबरठ्यावरची आहे, हे कुणीही मान्य करील. १९५० ते १९५४ या काळात ती ‘कल्की’ साप्ताहिकात क्रमशः आली. तिचे भाग पाच. तिसरा, म्हणजे बरोबर मधला, तो ‘कोलैवाळ’ — हत्येची तलवार.

या मधल्या भागात घडते काय? ‘काही नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. राजपुत्र समुद्रात बुडाला ही वार्ता देशभर पसरलेली आहे. वस्तुतः तो जिवंत आहे, तापाने फणफणलेला आहे, आणि त्याला कालव्यातून नावेने नागपट्टणच्या बौद्ध विहारात पोचविण्यात आले आहे. हे ठाऊक असणारी माणसे मोजकी. सारी प्रजा आक्रोश करीत असता त्या माणसांनी तोंड मिटून राहायचे, हा खरा पेच. पहिल्या भागात पूर, घोडदौड आणि तरुणपणाचा उल्हास आहे. अखेरच्या भागांत राजमुकुट आणि त्याग आहे. पण सत्य ठाऊक असून ते उच्चारता येत नाही, निष्ठा आहे पण ती दाखविता येत नाही, हा अनुभव येथेच येतो, आणि कुंदवै ही केवळ चतुर राजकन्या न राहता मोठी स्त्री होते ती येथेच. वंदियदेवन तर पहिल्यापासून निरोप्या! लंकेहून परत येऊन धापा टाकतो न टाकतो, तोच त्याला पुन्हा कांचीच्या वाटेला लावण्यात येते. आपल्यापैकी कित्येकांना हा शासकीय आदेश ओळखीचा वाटेल.

मणिरत्नम यांनी २०२२ व २०२३ साली या कथेवर चित्रपट काढले, ते दोन. पहिला संपतो तो जहाज बुडते तेथे. म्हणजे मूळचे दोन भाग त्यात आले आणि उरलेले तीन दुसऱ्याच्या पावणेतीन तासांत कोंबले गेले. पाचांचे दोन झाले की मध्य उरतच नाही, तेथे नुसता सांधा राहतो. चित्रपटाच्या अडचणी मला मान्य आहेत, आणि त्याची दृश्ये देखणी आहेत हेही. परंतु ‘चित्रपट पाहिला, आता कादंबरीचा शेवट तेवढा चाळू’ असे म्हणणारांची कीव येते. याच गावी त्यागराजांच्या आराधनेला पाच पंचरत्न कृती ओळीने गाइल्या जातात : नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. गौळानंतर आरभी सोडून एकदम वराळीवर उडी मारा, असे सुचविण्याचे धैर्य कुणाला होईल काय?

टोल्किनचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याचा ‘दोन मनोरे’ हा मधला खंड १९५४ च्या नोव्हेंबरात निघाला. कल्की वारले ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात. टोल्किनने मुळात एकच ग्रंथ लिहिला होता; त्याचे तीन खंड केले ते प्रकाशकाने, खर्चाच्या भयाने. तेव्हा ‘मधला खंड स्वतंत्रपणे उभा राहतो का?’ हा प्रश्नच बांधणावळीच्या हिशेबातून निघालेला आहे. वाड्याचा मधला चौक स्वतंत्र उभा राहतो का, असे कुणी विचारीत नाही. बाहेरच्या चौकात पाहुणे बसतात, मागच्यात विहीर नि गोठा. संसार चालतो तो मधल्यात.

या खंडाच्या पूर्वार्धात नायक फ्रोडो दिसतच नाही. लेखक त्याला वाऱ्यावर सोडून दुसऱ्यांच्या लढाया सांगत बसतो, आणि वाचक चिडतो. उत्तरार्धात फ्रोडो भेटतो, तो दलदलीतून वाट काढताना. वाटाड्या म्हणून बरोबर कोण, तर मुद्रिकेसाठी त्याचा गळा घोटण्यास टपलेला गॉलम! त्याला मारणे सोपे होते. फ्रोडो त्याला जिवंत ठेवतो, कारण त्याला त्याची दया येते. आता कथेचा शेवट आठवा. ऐन कड्यावर फ्रोडोचा निश्चय ढळतो, आणि मुद्रिकेचा नाश होतो तो या गॉलममुळे. मधला खंड गाळून तेथे पोचलेल्या वाचकाला हा निव्वळ अपघात वाटतो, आणि तो ‘शेवट जमला नाही’ असा निवाडा देऊन मोकळा होतो. शेवट जमला आहे; ज्या दयेचे ते फळ, ती दया याने पाहिलेलीच नाही.

मधला भाग संथ असतो हा आक्षेप मात्र मी खोडून काढणार नाही. तो संथ असतो. वनपर्वही संथच आहे. पांडव बारा वर्षे काय करीत होते, असे विचारले तर ऋषींकडून गोष्टी ऐकत होते, हे उत्तर. परंतु नलाची कथा त्याच पर्वात आहे, सावित्रीचीही त्यातच. राज्य गेलेल्या माणसालाच त्या गोष्टी ऐकण्यास सवड असते, आणि गरजही. द्यूतसभेवरून थेट कुरुक्षेत्रावर येणारास युद्ध कळेल, धर्मराज कळणार नाही.

साप्ताहिकातून ‘कोलैवाळ’ वाचणारांना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते, आणि आठवड्यास एकच हप्ता हाती पडे. तमिळ घरांतून ती पाने कापून, मणियम यांच्या चित्रांसह, घरीच बांधून ठेवण्याची चाल होती. अशा बाडातून कुणी मधलेच पुस्तक अनावश्यक म्हणून काढून टाकल्याचे मी ऐकलेले नाही.

आपल्याकडे नाथमाधवांनी स्वराज्याची कादंबरीमाला लिहिली. तीत ‘श्रीगणेशा’ आहे, ‘स्थापना’ आहे, आणि त्यांच्यामागून येतो तो ‘स्वराज्याचा कारभार’. निदान सरकारी नोकरीत असणारांनी तरी, पुढच्या ग्रंथखरेदीची यादी करताना, या नावाच्या पुस्तकापुढे ‘मागणी नाही’ असा शेरा मारू नये.