कडेची वाट

माण तालुक्यातल्या एका रस्त्यावर पहाटे साडेपाचला आमच्या गाडीच्या दिव्यांत पाय दिसले. नुसते पाय. वरचे अंग अंधारात, आणि डांबराच्या पांढऱ्या पट्टीवरून सात-आठ जोड्या पावले आमच्याच दिशेने धावत येत होती. चालकाने करकचून ब्रेक दाबला. पावले बाजूच्या चरात उतरली, गाडी थांबली तशी पुन्हा वर आली. पाच मुलगे होते, दोन मुली. एकीच्या हातात बूट होते आणि ती अनवाणी पळत होती. बूट रोज झिजवले तर भरतीच्या दिवशी काय घालायचे, असा तिचा हिशेब.

"अगं, रस्त्यावर कशाला पळता? मागून एखादा ट्रक आला म्हणजे?" मी खाली उतरून विचारले.

"मग कुठं पळू, आजोबा? शेतात पेरलंय, आन् शाळेचं मैदान म्हंजे चार गुंठं. वळून वळून चक्कर येती."

तिला पोलीस भरतीत आठशे मीटर धावायचे होते, मुलांना सोळाशे. एकेका सेकंदाला गुण आहेत. त्या सेकंदांवर घरातले कर्ज, बहिणीचे लग्न, बापाचे औषधपाणी असे सारे टांगलेले. शहरात माणसे वजन कमी करायला पळतात. सातारा जिल्ह्याच्या खेड्यांत पोरे पोट भरायला पळतात. ज्या जिल्ह्यात 'आपशिंगे मिलिटरी' नावाचे गाव आहे आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे सेहेचाळीस जवान कामी आले, तिथे याचे कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटायला हवे ते याचे, की इतकी पोरे रोज पळत असताना त्यांना पळायला वाट नाही.

पूर्वी होती. ऐंशीच्या दशकात मी याच तालुक्यात बँकेच्या एका शाखेत होतो. विहिरीच्या कर्जाचा अर्ज आला की विहीर पाहायला जावे लागे, आणि एस.टी. जिथे सोडील तिथून पुढे पाय. सडकेने तीन कोस असलेले गाव पायवाटेने दीड कोसावर येई. वाट ओढ्यात उतरे, पलीकडे चढे, खिंडीतून निघे आणि हमखास एखाद्या पाझर तलावाच्या बांधावरून जाई. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर गेलेल्या माणसांनी डोक्यावर पाट्या वाहून उभे केलेले ते बांध. तलावात पाणी असो वा भेगा, बांधावरची वाट सपाट, मुरमाची आणि दोन माणसे शेजारून जातील एवढी रुंद. माझ्याबरोबर येणारा आमचा शिपाई म्हणे, "सायेब, ही माझ्या बाची मजुरी हाय, जपून पाय ठेवा."

त्या वाटांचे काय झाले? काहींवर डांबर पडले, ते बरेच झाले. बाळंतिणीला बाजेवरून न्यायचे दिवस संपले. पण डांबर पडले तशी वाहने वाढली, वेग वाढला आणि रस्त्याची कड नाहीशी झाली. उरलेल्या वाटा नांगराखाली गेल्या. पाणंद नकाशावर असते, पण शेतात शोधायला गेलात तर उसाचा नाहीतर ज्वारीचा सर लागतो. आणि बांध वेड्या बाभळीने गिळले.

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चला. साताऱ्यात २०१२ पासून दरवर्षी डोंगरातली अर्धमॅरेथॉन होते. एकवीस किलोमीटर, शहरातून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि परत यायचे. मी ती कडेला उभा राहून पाहिली आहे. धुके, खाली दरी, ओले कातळ, घाटात ढोल वाजवणारी पोरे आणि धापा टाकत चढणारे हजारो लोक. साठीच्या बाया पळताना पाहून मला माझ्या पोटाची लाज वाटली. त्या दिवशी वाहने बंद, जागोजागी पाणी, डॉक्टर, रुग्णवाहिका. या स्पर्धेची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. तिने एक गोष्ट सिद्ध केली आहे : मनात आणले तर पळणाऱ्यासाठी रस्ता मोकळा करता येतो. फक्त तो वर्षातून एका सकाळी होतो. दुसऱ्या दिवशी त्याच घाटात कासची फुले पाहायला निघालेल्या गाड्यांच्या मधून गावातली पोरे जीव मुठीत धरून पळत असतात.

खरे तर साताऱ्याला पळण्याची परंपरा नवी नाही. शाहू महाराजांच्या काळात ही राजधानी होती, तेव्हा इथून पुण्याला पत्रे घेऊन जासूद धावत. त्यांच्या पायाखाली डांबर नव्हते, वाट होती. तशा वाटा अजून आहेत. कासच्या तलावाचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या साताऱ्यात उघड्या पाटाने येत असे. डोंगराच्या कुशीतून, हळूहळू उतरत. पाणी पुढे बंद नळातून येऊ लागले. पाणी ज्या चढ-उताराने वाहते त्यापेक्षा पळायला सोपी वाट इंजिनिअर तरी कोणती आखणार? अशा जुन्या पाटांच्या कडेने आणि तलावांच्या बांधांवरून पळण्याच्या वाटा धरल्या, तर जमीन घ्यावी लागणार नाही की सिमेंट ओतावे लागणार नाही. मातीच्या बांधावर झाडे वाढू देऊ नयेत, मुळांनी बांध पोखरतो आणि पाणी झिरपते, हे पाटबंधाऱ्याचा कोणताही माणूस सांगेल. म्हणजे बाभळी काढायच्याच आहेत. रोज पळणारे पाय असतील तर त्या पुन्हा वाढणारही नाहीत.

२०२१ साली राज्याने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजना आणली. चांगली गोष्ट. पण आपल्याकडे वाट सुधारायची म्हणजे ती ट्रॅक्टरला लायक करायची, एवढेच समजते. गुडघ्यांना मुरूम मानवतो, सिमेंट नाही, हे धावणाऱ्याला कुणी विचारीतच नाही.

आणि ही पोरे भरतीपुरतीच पळतात असेही नाही. ललिता बाबर याच माणच्या मोहीची. २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला. स्टीपलचेसमध्ये पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. जिथे टँकरची वाट पाहण्यात उन्हाळा जातो, तिथल्या मुलीने नेमकी हीच शर्यत निवडावी! आष्टीजवळच्या मांडव्याचा अविनाश साबळेही याच शर्यतीचा, आणि तोही दुष्काळी मुलखातला.

असो. त्या पहाटेनंतर महिनाभराने मी पुन्हा त्या गावात गेलो. बूट हातात घेऊन पळणारी मुलगी मला गावामागच्या पाझर तलावावर घेऊन गेली. मुलांनी कोयत्याने बाभळी तोडून निम्मा बांध मोकळा केला होता. तिने विहिरीचा दोर टाकून लांबी मोजली होती : चारशे दहा मीटर. "दोन खेपा केल्या की माझं आठशे होतंय, चार केल्या की पोरांचं सोळाशे," ती म्हणाली. अडचण एकच होती. बांधावर चढायची वाट ज्याच्या रानातून जात होती, त्या शेतकऱ्याने काट्याची कुंपाटी घातली होती. त्याच्या वडिलांच्या विहिरीचे कर्ज कधीकाळी मीच मंजूर केले होते, म्हणून बोलायला मला पुढे केले.

त्याने चहा पाजला. पोरांवर त्याचा राग नव्हता. "सायेब, पळू द्या की. पर आज पोरं, उद्या मोटरसायकल, परवा मुरमाचा डंपर. शेजारच्या गावात असंच झालं, पायवाट म्हनून दिली आन् दोन गुंठं रान गेलं. कागदावर कोन लिहून देनार, की ही वाट पायाचीच हाय म्हनून?"

त्याचे काहीही चुकत नव्हते. मी पस्तीस वर्षे कागद केले. गहाणखते, हमीपत्रे, तारणाचे उतारे. पण फक्त पायांसाठी राखलेल्या वाटेचा कागद माझ्या टेबलावर कधी आला नाही. ग्रामसभेत तसा ठराव मांडा, असे मी त्या पोरांना सुचवले, शेतकऱ्यालाही पटले. मग तो उठला, कुंपाटीपाशी गेला आणि दोन फेसाट्या ओढून बाजूला केल्या. फट एवढीच केली, की माणूस आडवा होऊन जाईल, चाक जाणार नाही. पोरगी आधी गेली. मला मात्र पोट आत ओढावे लागले.