फाट्यावरची इंग्रजी

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदीच्या अलीकडे भोर तालुक्यातील सारोळे गाव लागते. नदी ओलांडली की शिरवळ आणि सातारा जिल्हा. महामार्गालगतच्या अशा गावांत इंग्रजी शाळेच्याही आधी रस्त्यावर भेटते. ‘हॉटेल’, ‘गॅरेज’, ‘सर्व्हिस रोड’, ‘येथे पंक्चर काढून मिळेल’ या पाट्या मूल अक्षरओळखीबरोबरच वाचू लागते. मात्र या शब्दांनी मराठीत आल्यावर आपला संसार नव्याने थाटला आहे. इंग्रजीतले हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपल्या हॉटेलात मिसळ मिळते, खाट मिळत नाही. आपण पंक्चर ‘काढतो’, इंग्रज ते दुरुस्त करतो. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. प्लॅटफॉर्मचा फलाट मराठीनेच केला आणि आपल्या मुंगसाला इंग्रजीने ‘मंगूस’ म्हणून आपल्या कोशात जागा दिली. अडचण येते ती हाच शब्द मुलाखतीत मूळ अर्थाने समोर उभा राहतो तेव्हा. आणि हा अर्थभेद मुलाला शाळेत कोणी सांगितलेला नसतो.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली. त्यापूर्वी ती पाचवीपासून होती. चार वर्षे अलीकडे आणल्याने भाषा चार वर्षे अधिक येईल, असा हा सरळ हिशेब होता. परंतु ज्या शिक्षकावर हे काम सोपवले, त्याने स्वतः इंग्रजी ऐकली किती होती? त्याने ती वाचली, लिहिली, परीक्षेत उतरवली. परिणामी वर्गात स्पेलिंगची घोकंपट्टी चालते आणि उच्चार दैवावर सोडला जातो.

वस्तुतः या वेड्यावाकड्या स्पेलिंगांनाही इतिहास आहे आणि तो मुलांना गोष्टीसारखा सांगता येतो. ‘नाइफ’मधला ‘के’ एके काळी खरोखरच उच्चारला जात असे. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना आणला. छपाईने लेखन हळूहळू गोठले, बोली पुढे सरकत राहिली. ‘डेट’ म्हणजे कर्ज, या शब्दात तर ‘बी’ मुळात नव्हताच. लॅटिन मुळाची आठवण राहावी म्हणून तो पंडितांनी मागाहून घुसवला. ‘आयलंड’मधला ‘एस’ही असाच उसना, आणि तोही चुकीच्या व्युत्पत्तीवरून! विद्वत्तेच्या हौसेचा भुर्दंड आज सारोळ्याच्या मुलाने का भरावा, हा प्रश्न रास्त आहे; पण कारण कळले की तो शब्द तो विसरत नाही.

उच्चाराच्या बाबतीत तर मराठी मूल रिकाम्या हाताने येत नाही. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले दोन वेगळे ‘च’ त्याच्या जिभेवर आहेत. संस्कृत व्याकरणाने ‘व’चे स्थान दंतोष्ठ सांगितले आहे. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवावे, ‘वन’ म्हणजे एक हे म्हणताना दात दूर ठेवून केवळ ओठांचा चंबू करावा, एवढे सांगितले की ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचा घोळ संपतो. ‘थिंक’चा ‘थ’ आपला नव्हे. तेथे जिभेचे टोक दातांशी हलके ठेवून हवा घासत बाहेर सोडावी लागते. ॲ आणि ऑ ही चिन्हे मराठीने इंग्रजीसाठीच स्वीकारली. देवनागरी फक्त आघात दाखवत नाही. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. हे शिक्षकाच्या तोंडूनच ऐकले पाहिजे. उच्चारांची स्थाने आणि प्रयत्न यांचा इतका सूक्ष्म विचार ज्या भूमीत झाला, तेथे उच्चारशिक्षणासाठी मातृभाषा सोडावी लागावी, हे आश्चर्य आहे.

आणि नेमके तेच घडत आहे. नदीपलीकडचे कारखाने दिसतात, तेथे इंग्रजीला मान आहे हेही दिसते. म्हणून पालक तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये बसवतात. त्यांच्या हेतूची थट्टा करणे सोपे आहे, पण ती शहरात बसून कोणी करू नये. घरात इंग्रजीचा गंध नाही, शाळेत मराठीला वाव नाही, अशा स्थितीत ‘बाष्पीभवन’ही कळत नाही आणि त्याचा इंग्रजी प्रतिशब्दही केवळ पाठ होतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. त्याने जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट आपोआप वाढणार नाही. ‘येथे मराठीतून शिकूनही उत्तम इंग्रजी येते’ असे पालकाला डोळ्यांनी दिसले, तरच तो थांबेल.

१८८० साली चिपळूणकर, टिळक आणि आगरकरांनी शाळा काढली, तिचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’ ठेवले. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्द देणारे सावरकर लंडनला कायदा शिकले होते. परक्या भाषेवर प्रभुत्व आणि स्वभाषेचा अभिमान यांत त्यांना विरोध दिसला नाही.

पुणे ते सारोळे हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आतले आहे. पुण्यात इंग्रजीचे निवृत्त अध्यापक, बँकांतून निवृत्त झालेले अधिकारी घरोघरी आहेत. महिन्यातले दोन रविवार, एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि उच्चार ऐकवणारा साधा मोबाइल एवढ्या सामग्रीवर शाळेच्या ओसरीत वर्ग भरू शकतो. गावच्या शिक्षकांनाही त्यात बरोबर घ्यावे. रविवारचे पाहुणे परतल्यावर सोमवारी फळ्यापुढे तेच उभे राहणार आहेत. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी स्थानिक कार्यकर्त्यांनी मुख्याध्यापकांची भेट घेऊन वेळ ठरवावी.