जामीन न राहिलेला काका

बँकेतून निवृत्त होऊन वर्षे झाली, तरी नातेवाइकांच्या कर्जाचे कागद अजून माझ्याकडेच येतात. पुतण्या औंधला शिक्षक आहे. मे महिन्यात गेलो तेव्हा त्याने चहाबरोबर एक अर्ज पुढे केला. मॅक्रो लेन्स घ्यायची होती, हप्त्यांवर, आणि जामीन म्हणून माझी सही हवी होती. किंमत त्याच्या दोन पगारांएवढी. थोरलीची अकरावीची फी तोंडावर आलेली. आत सून भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होती.

"काका, किडेमुंग्यांचे फोटो साध्या लेन्सने येत नाहीत. सगळे हेच सांगतात."

हे 'सगळे' कोण, असे मी कर्ज मंजूर करतानाही विचारत असे. नवशिक्याला आधी दुकानात पाठवायचे आणि मग छंदाला बसवायचे, ही रीत मला मुळीच पटत नाही.

मॅक्रो म्हणजे तरी काय? वस्तू जेवढी तेवढीच तिची प्रतिमा फिल्मवर, किंवा आजच्या सेन्सरवर, उमटणे. सहा मिलिमीटरची मुंगी तिथेही सहा मिलिमीटरची. साध्या लेन्सला हे जमत नाही, कारण ती सेन्सरपासून पुरेशी दूर सरकू शकत नाही. मग आपण तिला सरकवायची. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये पोकळ नळी बसवतात. नळीत काच नसते, म्हणून साधी नळी काही शे रुपयांत मिळते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला ५० मिलिमीटरची नळी लावली की हिशेब जुळला. व्याज उजेडात भरावे लागते, सेन्सरपर्यंत जेमतेम चौथा हिस्सा पोहोचतो. फुलपाखरू जवळ येऊ देत नसेल, तर लांब पल्ल्याच्या लेन्सपुढे भिंग लावावे. ही त्या लेन्सची चाळिशीच. दोन नंबरच्या भिंगाने अर्ध्या मीटरवरून टिपता येते.

पण आम्ही याहून स्वस्त मार्ग धरला. माझ्या ट्रंकेत १९८० च्या दशकात बोनसमधून घेतलेला कॅमेरा होता. त्याची ५० ची लेन्स आम्ही पुतण्याच्या कॅमेऱ्यावर उलटी बसवली. त्यासाठी एक रिंग लागते. तिची एक बाजू कॅमेऱ्याच्या तोंडात बसते, दुसरी लेन्सच्या फिल्टरच्या आट्यांवर. लेन्स कोणत्या कंपनीची हे बघावेच लागत नाही, कारण तिची मूळ बैठक बाहेरच्या बाजूला येते. जुन्या लेन्सवर छिद्र लहानमोठे करायची कडी असते, तिचाही इथे उपयोग होतो. नव्या लेन्सवर ती बहुधा नसते. म्हाताऱ्यांचे असे क्वचित फावते!

औंधच्या डोंगरावरच्या श्री भवानी संग्रहालयात लोक राजा रविवर्म्याच्या चित्रांपुढे थांबतात. मी लघुचित्रांपुढे रेंगाळतो. तिथे वाकावे लागते, श्वासही काचेवर पडू द्यायचा नसतो. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांना हे वाकणे ठाऊक असणार. उलट्या लेन्सचे शिक्षणही तसेच. वस्तू चार बोटांवर. स्पष्टतेची पट्टी कागदाएवढी पातळ. लेन्स फिरवून उपयोग नाही, आपणच पुढेमागे डोलायचे. छिद्र आठ किंवा अकरावर आणले की समोर अंधार. पन्नास फोटो काढावेत तेव्हा दोन हाती लागतात. शिवाय काचेची मागची बाजू उघडी, त्यात खटावचा वारा आणि धूळ.

हे सोसेना तर पुतण्याने खुशाल लेन्स घ्यावी. पळत्या मधमाशीपुढे माझी जुनी लेन्स हरते, हे मी कबूल करतो. त्याला मी एवढेच म्हणालो, "एक पावसाळा काढ. मग सही मागायला ये."

जूनमध्ये पहिल्या सरीनंतर त्याने फोटो पाठवला. मृगाचा किडा, लाल मखमलीचा, ओल्या मातीवर. लहानपणी आम्ही हे काडेपेटीत भरत असू. फोटोत एक-एक केस वेगळा दिसत होता. आमच्या सौ.ने चष्मा पुसून पाय मोजले. आठ भरले! साठ वर्षे मी ज्याला किडा म्हणत आलो, तो निघाला कोळ्याच्या गोतातला.

अर्ज माझ्या खणात आहे. पुतण्याने अजून आठवण केलेली नाही. सुनेने मात्र परवा एस.टी.तून शेंगांची पिशवी पाठवली.