खेळाडू, स्वतःचे विमान आणि अपघाताचा अहवाल : एक थ्रेड

१/ २९ नोव्हेंबर १९७५. उत्तर लंडनवर दाट धुके पसरले होते. फ्रान्समधील पॉल रिकार्ड येथे शर्यतीच्या मोटारीची चाचणी आटोपून निघालेले एक छोटे पायपर ॲझ्टेक विमान एल्स्ट्रीकडे येत होते. ते आर्कलीच्या गोल्फ मैदानावर कोसळले. विमानातील सहाही जण मृत्युमुखी पडले.

२/ वैमानिक होते ग्रॅहॅम हिल. १९६२ आणि १९६८ चे फॉर्म्युला वन विश्वविजेते, मोनॅकोचे ५ वेळा विजेते. मोनॅको, इंडियानापोलिस ५०० आणि ल मान्स या तिन्ही शर्यती जिंकणारा दुसरा चालक अद्याप झालेला नाही. सोबत त्यांच्याच संघातील माणसे होती. त्यांत २३ वर्षांचा गुणी चालक टोनी ब्राइझही होता.

३/ ही कथा बहुधा ‘शूराचा दुर्दैवी अंत’ म्हणून सांगितली जाते. चौकशीत मात्र निराळ्या गोष्टी पुढे आल्या. बाहेरचे काही दिसत नसताना केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याच्या हिल यांच्या परवानगीची मुदत संपली होती. विमानाची नोंदणीही वैध नव्हती.

४/ परिणामी विम्याचे संरक्षण उरले नाही. मृतांच्या कुटुंबीयांनी हिल यांच्या मालमत्तेवर दावे लावले आणि त्यांची पत्नी व तीन मुले आर्थिक संकटात सापडली. पुढे १९९६ मध्ये विश्वविजेता ठरलेला डेमन हिल हा त्यांचाच मुलगा. त्याने काही काळ मोटारसायकलवरून टपाल पोहोचवण्याचे काम केले.

५/ अमेरिकी बेसबॉलचा इतिहासही असाच आहे. शिकागो कब्जच्या केन हब्ज याने उड्डाणाची भीती घालवण्यासाठी वैमानिकीचे शिक्षण घेतले. परवाना नवा असतानाच, फेब्रुवारी १९६४ मध्ये, युटातील प्रोव्होजवळ खराब हवेत त्याचे विमान कोसळले. वय २२.

६/ न्यूयॉर्क यँकीजचा कर्णधार थर्मन मन्सन याने सुट्टीच्या दिवशी कँटनला घरी जाता यावे म्हणून विमान घेतले. छोट्या विमानांवरून तो थोड्याच काळात सेस्ना सायटेशन जेटपर्यंत पोहोचला. २ ऑगस्ट १९७९ रोजी उतरण्याचा सराव करताना वेग घटला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. सोबतचे दोघे वाचले, मन्सन वाचला नाही.

७/ ११ ऑक्टोबर २००६ रोजी यँकीजचाच कोरी लिडल आणि त्याचा प्रशिक्षक मॅनहॅटनमधील इमारतीवर आदळून मरण पावले. ईस्ट रिव्हरवरील अरुंद जागेत विमान मागे वळवताना पुरेसे अंतर राखले गेले नव्हते, आणि वारा इमारतींच्या दिशेने ढकलत होता.

८/ या घटनांत समान धागा कोणता? प्रसिद्धी हे कारण म्हणता येणार नाही. बीचक्राफ्ट बोनान्झा या विमानाला ‘डॉक्टर किलर’ असे टोपणनाव पडले, ते पैसा आणि आत्मविश्वास मुबलक, पण उड्डाणाचा सराव तुटपुंजा असलेल्या हौशी वैमानिकांमुळेच.

९/ खेळाडूच्या बाबतीत हा धोका अधिक गडद होतो. मैदानावर क्षणात निर्णय घेणे आणि माघार न घेणे हे गुण ठरतात. धुक्यात मात्र दुसऱ्या विमानतळाकडे वळणे, किंवा मुळात न निघणे, हेच कौशल्य असते. त्याला टाळ्या मिळत नाहीत आणि त्याचा विक्रमही नोंदवला जात नाही.

१०/ स्वतःचे विमान चालवण्याचा हक्क कोणी नाकारू नये. पण अशा मृत्यूंना ‘नियती’ म्हणणे हा इतिहासलेखनातला आळस आहे. हिल यांच्या विमानातील पाच जणांनी एका विश्वविजेत्यावर विश्वास टाकला होता. त्याच्या परवान्यावरील तारीख तपासावी, असे त्यांतील कोणाला कशाला सुचले असते?