मोकळी जागा कोणासाठी?

संगणकाच्या आज्ञावलीतील ओळी किती आत सरकवाव्यात, त्यासाठी टॅबची कळ वापरावी की ४ कोऱ्या जागा सोडाव्यात, यावरून आज्ञावली लिहिणाऱ्यांत वर्षानुवर्षे हमरीतुमरी चालत आली आहे. साहित्यप्रेमी मंडळी हे ऐकून हसतात. त्यांचे हसणे निरुपद्रवी आहे. घातक आहेत ते, जे म्हणतात, ‘यंत्राला कळले ना, मग मांडणीचे एवढे काय?’ या मताला आमचा सक्त विरोध आहे.

हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. मोडीत आधी शिरोरेषा आखायची आणि लेखणी शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे ओवत जायची. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. लिहिणाऱ्याची गती साधली आणि त्या काळच्या कारकुनाला ते पुरेसेही होते. पण डिचोली-पेडण्यातील ज्या घरांत अशी दप्तरे फडक्यात बांधून ठेवलेली आहेत, त्यांना विचारा. नुसती अक्षरे ओळखून भागत नाही. शब्द कोठे संपला, हे अंदाजाने ठरवावे लागते. मोडी मागे पडण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि तिची थोरवी आम्ही नाकारीत नाही. परंतु लिहिणाऱ्याने वाचवलेल्या वेळाचे देणे नातवंडांच्या माथी आले, हे निर्विवाद आहे.

आज्ञावलीचेही तसेच. ती चालवते यंत्र. पण तपासतो, दुरुस्त करतो माणूस. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीला आपल्या सुरक्षित संपर्काच्या आज्ञावलीतील एक दोष दुरुस्त करावा लागला. एकच आज्ञा तेथे चुकून लागोपाठ दोनदा आली होती. दुसरी ओळही आत सरकवलेली असल्याने ती वरच्या अटीखालचीच भासे. महिरपी कंस नसल्याने प्रत्यक्षात ती बिनशर्त अमलात येई आणि स्वाक्षरीची पडताळणीच टळे. डोळ्यांना एक दिसत होते, यंत्र दुसरेच करीत होते. मांडणी आणि अर्थ यांची फारकत झाली की असे होते. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘पायथन’ भाषेत ओळ आत सरकवणे हा व्याकरणाचाच भाग आहे, तो याच विचाराने.

मग टॅब की कोरी जागा? पायथनची २००१ ची नियमावली ४ कोऱ्या जागा सांगते; लिनक्सच्या गाभ्यात ८ अक्षरांच्या रुंदीचा टॅब चालतो; गूगलने २००९ मध्ये जाहीर केलेल्या ‘गो’ भाषेसोबत येणारे साधन सारी मांडणी स्वतःच टॅबने करून देते, वादाला जागाच उरत नाही. तिन्हीकडे उत्तम काम झाले आहे. नियम कोणता, याहून तो सर्वांना एक आहे ना, हे महत्त्वाचे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये पडलेली ४ ची भर सर्वांनाच कोठे रुचली? तरीही पाठ्यपुस्तक आणि कचेरी एका वळणावर आली, हा लाभ लहान नव्हे.

आज जमिनीच्या नोंदी, दाखले, देयके आज्ञावलींच्या आधारे चालतात. ठेकेदार बदलतो, सरकार राहते. म्हणून सरकारने आज्ञावली लिहून घेताना मांडणीचा एकच नियम करारातच घालावा आणि तो न पाळणाऱ्याचे काम परत पाठवावे. आमची नस्ती पुढच्या अधिकाऱ्याला वाचता यावी, असा दंडक आम्हाला होता. आज्ञावली लिहिणाऱ्यांना तो का नसावा?