आवाज दाबू नका, आवाजाचे कारण शोधा!

वरठीला प्रथमच उतरणारा प्रवासी थोडा गोंधळतो. गावाचे नाव वरठी आणि स्टेशनवरची पाटी 'भंडारा रोड'. भंडारा शहर तेथून दहा-बारा किलोमीटरवर. त्यामुळे स्टेशनपासून शहरापर्यंत सवारीच्या गाड्या दिवसभर धावतात, मोहाडी-तुमसरकडची वाहतूक याच रस्त्याने जाते आणि सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यामुळे ट्रकांची रांग तर नेहमीचीच. दिवसाचे दहा-बारा तास गाडीत काढणारी माणसे या पट्ट्यात पुष्कळ आहेत. त्यांना गाडीत गाणे लागते आणि त्या गाण्यावर आमच्या पेशातील अनेक बांधवांची रोजी चालते.

या पेशातील एका जुन्या दुखण्याविषयी आज आम्हास बोलावयाचे आहे. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "भाऊ, गाडी सुरू केली की स्पीकरमधून शिट्टी वाजते. रेस दिली की शिट्टी चढते." दुकानदार काय करतो? बॉनेटही न उघडता एक फिल्टर काढतो, वायर कापतो, जोडतो. आवाज थोडा कमी होतो. पैसे घेतले, सलाम केला, गाडी गेली. पंधरा दिवसांनी तीच गाडी दुसऱ्या दुकानासमोर उभी असते आणि तेथे दुसरा फिल्टर बसतो.

हा दोष आम्ही दुसऱ्यांच्या माथी मारीत नाही. आमच्याही हातून हेच घडले आहे. काही वर्षांपूर्वी सवारीची एक जीप आमच्याकडे आली होती. शिट्टीची तक्रार होती. आम्ही फिल्टर बसविला, आवाज दबला, गिऱ्हाईक खूश झाले. महिना गेला नसेल, तोच लग्नाची मंडळी घेऊन जाताना ती जीप रात्री रस्त्यातच बंद पडली. बॅटरी संपली होती. अल्टरनेटर खोलला तेव्हा त्यातील एक डायोड जळालेला निघाला. म्हणजे जी शिट्टी आम्ही दाबली, तीच त्या अल्टरनेटरची हाक होती. रोग्याच्या तोंडावर हात ठेवून खोकला बंद केल्यासारखा तो इलाज होता! बायका-मुले रात्रभर रस्त्यावर बसली, ही गोष्ट आम्ही अजून विसरलो नाही.

आता या आवाजाची जात समजून घेऊ. अल्टरनेटर मुळात उलटसुलट वाहणारी एसी वीज तयार करतो आणि त्यातील डायोड ती डीसी करतात. थोडी लहर तरीही उरते आणि एवढी लहर बॅटरी पचवून टाकते. पण डायोड गेला किंवा बॅटरीच्या जोडण्या सैल झाल्या की लहर वाढते. दुसरे कारण अर्थचे. डेकचा अर्थ डॅशबोर्डमागे, अ‍ॅम्प्लिफायरचा अर्थ डिक्कीत. दोन्ही ठिकाणी एकच बॉडी असली तरी गंज, रंग किंवा सैल बोल्ट यामुळे दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक पडतो. दोन टाक्यांतील पाण्याची पातळी वेगळी असेल तर मधल्या बारीक नळीतून पाणी वाहणारच. येथे ती बारीक नळी म्हणजे आरसीए वायरची जाळी. त्यातून अल्टरनेटरची लहर गाण्यात शिरते आणि अ‍ॅम्प्लिफायर तिला मोठी करून ऐकवितो.

म्हणून हात पाकिटाकडे नव्हे, आधी कानाकडे न्यावा. इंजिन बंद ठेवून डेक लावा. तेव्हाही सळसळ ऐकू येत असेल तर अल्टरनेटर निर्दोष आहे. बहुधा अ‍ॅम्प्लिफायरचा गेन वाजवीपेक्षा जास्त फिरविलेला असतो. गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. डेककडून जेवढ्या जोराचा सिग्नल येतो, त्याच्याशी मेळ घालण्यासाठी ते बटण असते. इंजिन सुरू केल्यावरच शिट्टी येत असेल आणि रेसबरोबर चढत असेल, तर शोध चार्जिंग आणि अर्थकडे वळवा. शिट्टीऐवजी रेसबरोबर वाढणारी टकटक असेल आणि गाडी पेट्रोलची असेल, तर प्लग, प्लगच्या वायरी व कॉइल पाहा. गाडी डिझेलची असेल तर तेथे ठिणगीचे प्लग नसतातच. तरीही डिझेल गाडीला 'प्लगचा आवाज' सांगून पैसे घेणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत!

आवाज फक्त रेडिओवर येतो आणि पेनड्राइव्हवर येत नाही, तर दोष अँटेना, एलईडी दिवे किंवा स्वस्त चार्जरमध्ये शोधा. गाडी रेल्वेच्या 25 हजार व्होल्टच्या तारांपासून दूर नेऊनही पाहावी. लांब गेल्यावर खरखर थांबली तर गाडीचा काही गुन्हा नाही, गिऱ्हाइकाला तसे सांगून मोकळे व्हावे. मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्सच्या वायरने गाणे लावले की घरघर येते, हीही रोजची तक्रार. चार्जर काढताच घरघर थांबली तर कारण सापडले. अशा ठिकाणी आयसोलेटर लावणे चुकीचे नाही. फिल्टरशी आमचे वैर नाही. कारण न शोधता तो विकण्याशी आहे.

यानंतर मीटर हाती घ्यावा. साध्या गाडीत इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळतात. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, हे लक्षात ठेवावे. मग मीटर एसीवर ठेवून, इंजिन चालू असताना पुन्हा बॅटरीवर लावावा. व्होल्टचा शंभरावा-पन्नासावा भाग दिसला तर चिंता नाही. अर्ध्या व्होल्टकडे काटा झुकला तर अल्टरनेटर खोलावाच. शेवटी मोठ्या आवाजात गाणे लावून बॅटरीच्या मायनसपासून अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थपर्यंत डीसी व्होल्टेज मोजावे. ते शून्याच्या जवळ हवे. नसेल तर बोल्ट काढा, रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, वायर जाड व आखूड घ्या आणि घट्ट कसा. आरसीए वायर पॉवरच्या वायरबरोबर एकाच बाजूने ओढू नका. दोघींना ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडा. फिल्टरपेक्षा कमी खर्चात बहुतेक शिट्ट्या येथेच थांबतात.

ट्रकांविषयी वेगळे सांगणे भाग आहे. मोठ्या ट्रकात 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात आणि डेक मात्र 12 व्होल्टचा. आमचे कित्येक कारागीर एकाच बॅटरीवरून डेक चालवितात. गाणे वाजते, पण ती बॅटरी नेहमी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. ट्रकमालकाला वाटते की बॅटरीवाल्याने फसविले. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावणे हाच सरळ मार्ग होय. तोही चांगल्या दर्जाचा हवा. हलका कन्व्हर्टर स्वतःच रेडिओत खरखर ओततो.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सर्व आमच्या कारागिरांना समजत नाही असे नाही. अडचण हिशेबाची आहे. आपण फिल्टरचे पैसे घेतो, डोक्याचे घेत नाही. अर्धा तास तपासून सैल बोल्ट कसला तर गिऱ्हाईक म्हणते, "एवढ्याचे कसले पैसे?" पाच मिनिटांत डबी लावली तर विनातक्रार पैसे मोजते. ज्या धंद्यात खऱ्या कामाला मोल नाही आणि नको असलेल्या मालाला मोल आहे, त्या धंद्यात इमानदार माणूसही हळूहळू घसरतो.

यावर आमचे मत स्पष्ट आहे. तपासणीचा दर ठरवा आणि दुकानात फलकावर लिहा. दोष काय निघाला, ते दोन ओळींत बिलावर लिहून द्या. दुरुस्ती आपल्याकडे झाली म्हणून तपासणीचे पैसे माफ करू नका. माफ केले की ते कोठून तरी वसूल करण्याचा मोह पुन्हा दारात येतो. बिल देणे तर कायद्यानेच अंगावर आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे हा अनुचित व्यापार ठरविला आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा त्या कागदाचा फायदा आपलाच अधिक. पुढे काही बिघडले तर आपण काय सांगितले होते, याचा तो पुरावा असतो.

काही बांधव म्हणतील, समोरचा दुकानदार फुकट बघून देतो, आमच्याकडे कोण येईल? प्रश्न खरा आहे. पहिले काही महिने दोन-चार गिऱ्हाइके परततील. पण सवारीचा ड्रायव्हर दिवसभर दहा ड्रायव्हरांशी बोलतो. फुकट तपासून फिल्टर विकणाऱ्याचे नावही तोच सांगतो आणि बोल्ट कसून खरे बोलणाऱ्याचेही तोच सांगतो. मोठ्या कामासाठी नागपूरला जाणारी गाडी वरठीत थांबवायची असेल तर काचेच्या शोरूमची गरज नाही. विश्वास हवा.

आणि दुकानात शिकणाऱ्या मुलांचा विचार करावा. शागीर्द उस्तादाचे बोलणे कमी ऐकतो, उस्तादाचा हात जास्त पाहतो. तो हात आधी फिल्टरच्या डब्याकडे गेला तर पोरगा विक्री शिकेल. मीटरकडे गेला तर कारागिरी शिकेल. त्या रात्रीच्या जीपनंतर आमच्या दुकानात एकच नियम आहे: मीटर लावल्याशिवाय डबा उघडायचा नाही.